भाऊबीजेची साडी आणि उताऱ्यावरचे नाव

आमचे वडील २०११ च्या पावसाळ्यात गेले. दिवसकार्य आटोपले, पाहुणे पांगले आणि आठवडाभरातच दादा म्हणाला, "वारसा लावून घेऊया. पीककर्जाला उतारा लागणार." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आयुष्यभर शेतात राबलेला. मी कॉलेजात शिकवणारा, पगारावर जगणारा. आमच्यात मधली अक्का. तिला गोकाककडे दिलेली, घरात सगळे कन्नड बोलणारे.

कचेरीबाहेरच्या लेखनिकाने कागद टाइप करून दिला. तो घेऊन मी रविवारी अक्काकडे गेलो. चहा झाला, दाजींशी ऊस-पाण्याच्या गप्पा झाल्या. मग मी पिशवीतून कागद काढला आणि सहज म्हणालो, "अक्का, इथं एक सही कर. वारशासाठी लागते."

अक्काने चष्मा लावला. कागद कन्नडमध्ये होता. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले. कन्नड बोलतो अस्खलित, पण कायद्याचे कन्नड वाचायचे म्हणजे अडखळतो. अक्का मात्र सासरी येऊन ते वाचायला शिकली होती. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कागद वाचला आणि विचारले, "बाळू, तू वाचलास काय हे?"

मी म्हटले, "दादानं करून घेतलंय. वारशाचा आहे."

"वारशाचा न्हवं. हे हक्कु बिडुगडे पत्र आहे. मी माझा हक्क आपखुशीनं सोडला, असं लिहिलंय ह्यात. मी कधी सोडला?"

मला उत्तर सुचले नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना समान हक्क शिकवणारा मी, माझ्याच बहिणीच्या हक्कावर पाणी सोडायला लावणारा कागद न वाचता घेऊन गेलो होतो. त्या दिवसाची शरम अजून गेलेली नाही. हा लेख त्या शरमेतूनच लिहितो आहे. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत अशी एखादी पिशवी आणि असा एखादा रविवार येत असतो.

कायदा काय होता, काय झाला

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. तो हिंदूंबरोबर लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांना. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि वडिलांची आई या सर्वांना सारखा वाटा, हे त्या कायद्यात पहिल्यापासूनच आहे. अनेकांना वाटते की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. स्वकष्टार्जित मिळकतीपुरता तो १९५६ पासूनच होता.

खरी गोम होती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत. तिथे मुलगा जन्मतःच हिस्सेदार, मुलगी नाही. वडील वारल्यावर त्यांच्या वाट्याचा जो तुकडा निघेल, त्यात तिला थोडेसे मिळायचे. हे थोडेसे म्हणजे किती, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या सांगलीचेच आहे. १९६० साली एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पत्नीने आपल्या हिश्शासाठी सांगलीच्या न्यायालयात दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याचा निकाल दिला. त्याचा हिशेब असा. वडील हयात असताना वाटणी झाली असती तर वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथाई आली असती. मग वडिलांची चौथाई सहा वारसांत वाटायची. म्हणजे आईला आणि प्रत्येक मुलाला चोवीस भागांतले सात भाग, आणि प्रत्येक मुलीला चोवीसातला एक भाग.

जमीन चोवीस एकर धरली तर आई सात एकर, मुलगे सात-सात एकर आणि मुली एकेक एकर. त्या विधवेच्या दृष्टीने तो निकाल मोठाच होता, कारण आईला भरीव हिस्सा मिळाला. पण मुलींच्या वाट्याला काय आले, तेही आकड्यांत स्वच्छ दिसते.

कर्नाटकाने १९९४ साली सुधारणा केली. ३० जुलै १९९४ पासून मुलगीही मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सेदार ठरली. महाराष्ट्रात तशीच सुधारणा त्याच वर्षी २२ जूनपासून लागू झाली. पण दोन्हीकडे एक मेख होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला तो हक्क नव्हता. त्यामुळे एकाच घरातल्या दोन बहिणींत भेद झाला. थोरलीचे लग्न १९९३ चे म्हणून ती बाहेर, धाकटीचे १९९५ चे म्हणून ती आत.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती देशभर लागू झाली आणि ही अट गेली. मुलगी विवाहित असो की अविवाहित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिचा हक्क मुलाइतकाच. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलीला मनाई करणारे कलम २३ सुद्धा त्याच वेळी रद्द झाले. सांगलीच्या त्या कुटुंबाचा हिशेब आजच्या कायद्याने मांडला, तर आई आणि पाच मुले या सहा जणांना सारखा, म्हणजे चोवीस एकरांतले चार-चार एकर प्रत्येकी. एक एकराचे चार एकर झाले.

बेळगावचा दावा, दिल्लीचा निकाल

कायदा आला तरी एक प्रश्न उरला. वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर? या प्रश्नाशी आपल्या बेळगावचा जवळचा संबंध आहे. १९८८ साली वडील वारलेल्या एका मुलीने १९९२ साली बेळगावच्या न्यायालयात वाटणीचा दावा लावला होता. 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी निकाल लागला तो असा : ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघेही हयात असतील तरच नव्या कायद्याचा लाभ. दावा लावल्यापासून हा निकाल येईपर्यंत तेवीस वर्षे गेली होती.

पुढे १ फेब्रुवारी २०१८ रोजी कर्नाटकातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली वडील वारलेल्या मुलींनाही बरोबरीचा हिस्सा दिला. दोन निकाल दोन दिशांना गेले आणि वकीलमंडळीही बुचकळ्यात पडली. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गोंधळ मिटवला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, असे ठरले. २०१५ चा निकाल त्यामुळे रद्दबातल झाला.

मात्र याचा अर्थ पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे व्यवहार आता उकरून काढता येतील, असा नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली कायदेशीर वाटणी किंवा विक्री कायम राहते. पण "आमची तोंडी वाटणी कधीच झालेली आहे" एवढे म्हणून भागत नाही. तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मानू नये, सरकारी दफ्तरातल्या भक्कम कागदांचा आधार असेल तरच अपवाद म्हणून मानावा, असे न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आहे.

कागदाची भाषा

आता व्यवहाराकडे येऊ. आपल्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड. गंमत अशी, की उतारा, वाटणी, मोजिणी, तकरारु हे शब्द आपल्या भागातल्या कन्नड कचेरीतही चालतात. त्यामुळे कागद आपल्याला ओळखीचा वाटतो आणि तिथेच आपण फसतो. काही शब्द दोन्ही भाषांत पक्के माहीत असावेत. 'पौती खाते' म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावे लावणे, आपला वारसा. 'विभाग पत्र' म्हणजे वाटणीपत्र. 'हक्कु बिडुगडे पत्र' म्हणजे हक्कसोडपत्र. 'दान पत्र' म्हणजे बक्षीसपत्र. 'क्रय पत्र' म्हणजे खरेदीखत. 'उयिलु' म्हणजे मृत्युपत्र. 'ओप्पिगे' म्हणजे संमती. आणि 'हेब्बेट्टु' म्हणजे अंगठा.

यातला पहिला आणि तिसरा शब्द पुन्हा वाचा. वारसा लावायला बहिणीला हक्क सोडावा लागत नाही. तिचे नाव भावांबरोबर चढले की वारसा पूर्ण होतो. 'वारशासाठी सही' म्हणून हक्कसोडपत्र पुढे करणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालणे. स्थावर मिळकतीतला हक्क खरोखरच सोडायचा असेल तर दस्त मुद्रांकावर करून उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो. साध्या कागदावर लिहून घेतले म्हणून हक्क जात नाही.

वंशावळीचीही तीच गोष्ट. तलाठ्यापुढे किंवा नाडकचेरीत वंशावळ देताना मुलींची नावे गाळायची जुनी खोड आहे. "त्या काय मागणार आहेत?" म्हणून नाव लिहीतच नाहीत. हे खोटे निवेदन ठरते आणि पुढे तेच गळ्याशी येते. बहीण वारली असेल तरी तिचे आणि तिच्या मुलांचे नाव वंशावळीत आले पाहिजे.

आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा. पहणीवर किंवा सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे मालकी गेली, असे नाही. फेरफाराची नोंद मुख्यतः महसूल वसुलीसाठी असते. तिने हक्क निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून वीस वर्षांपूर्वी भावांचीच नावे लागली असतील तरी बहिणीचा हक्क केवळ त्या नोंदीने बुडत नाही. पण याचा अर्थ स्वस्थ बसावे असाही नव्हे. "तुझा यात काही हिस्सा नाही" असे स्पष्टपणे सांगून तिला डावलले, तर ते कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो.

ज्यांची थोडी जमीन इकडे खानापूर-हुक्केरीत आणि थोडी तिकडे चंदगड-गडहिंग्लजला, त्यांना वारसा कायदा दोन्हीकडे एकच आहे. कचेऱ्या मात्र दोन. इकडे नाव लागले म्हणून तिकडच्या सातबाऱ्यावर आपोआप लागत नाही. इकडे सर्व्हे नंबरातला तुकडा तोडून द्यायचा तर ११-ई नकाशा लागतो, तोही आधी करून घ्यावा. गोव्याची गोष्ट निराळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यात मुलगा-मुलगी समान आहेत, आणि मुलांना डावलून अर्ध्याहून अधिक मिळकत मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. तिकडे सोयरिक असणाऱ्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावे.

नेहमीचे चार आक्षेप

पहिला आक्षेप : "लग्नात दिलंय की तिला!" लग्नातला खर्च म्हणजे वाट्याचा मोबदला, असे कायदा मानत नाही. शिवाय खर्च मुलांच्या शिक्षणावर, धंद्यावरही झालेला असतोच. तो कुणी त्यांच्या वाट्यातून वजा करत नाही.

दुसरा : "जमीन परक्या घरात जाते." मुलीला आईवडिलांकडून आलेली मिळकत असेल, तिला मूलबाळ नसेल आणि तिने मृत्युपत्र केलेले नसेल, तर ती मिळकत नवऱ्याच्या घरी न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते. हे कलम १५ मध्ये लिहिलेले आहे. आणि मुले असतील तर ती परकी कशी? मामाच्या गावाला सुट्टीत येणारी ती भाचरेच.

तिसरा : "ती उद्या तिऱ्हाईताला विकून टाकेल." वारशाने मिळालेला वाटा एखाद्या वारसाला विकायचा असेल, तर बाकीच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क कलम २२ ने दिलेला आहे. शेतजमिनीलाही तो लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. भीती असेल तर बहिणीशी बोलावे, रास्त भाव द्यावा.

चौथा आक्षेप सर्वांत जड. "हिस्सा मागितलास तर माहेर तुटलं म्हणून समज." कायद्याच्या पुस्तकात याला उत्तर नाही. आपल्याकडे नागपंचमीला लेक माहेरी येते. मराठीत माहेर म्हणा की कन्नडमध्ये तवरुमने, ओढ एकच. त्या ओढीचीच किंमत लावून तिच्याकडून सही घेतली जाते. भाऊबीजेला एक साडी, पंचमीला लाडूचा डबा, आणि बदल्यात दीड एकर. हा हिशेब कुणी मोठ्याने मांडत नाही, म्हणूनच तो इतकी वर्षे चालला.

आमच्या घरात काय झाले

अक्काने त्या दिवशी सही केली नाही. "मला जमीन पाहिजेच असं न्हाई. पण विचारा तरी की रे," एवढेच म्हणाली. मी कागद परत आणला. दादा भडकला. त्याचेही सर्वस्वी चुकले असे मला म्हणवत नाही. सहा एकर त्याने एकट्याने कसले, विहिरीचे कर्ज त्याने फेडले. कायद्याने आई आणि आम्ही तिघे असे चार सारखे वाटे, म्हणजे प्रत्येकी एक एकर वीस गुंठे. सहा एकरांवर संसार उभा केलेल्या माणसाला दीड एकराचा आकडा ऐकवणे सोपे नसते.

त्या पंचमीला अक्काला बोलावणे गेले नाही. आईने सणाच्या दिवशी ताटाला हात लावला नाही. कुणी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही. संध्याकाळी तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. आत आजोबांच्या वेळचे कागद होते. त्यात १९७९ सालचा एक, खाली आत्तीचा अंगठा. आमची आत्ती लवकर विधवा झाली. लोकांच्या घरी स्वयंपाक करून तिने दोन मुले वाढवली. वडील दर भाऊबीजेला तिच्याकडे जायचे, साडी आणि पन्नास-शंभर रुपये द्यायचे, आणि आम्ही भावाचे कौतुक करायचो. आई म्हणाली, "त्यांना झोप लागायची न्हाई त्या अंगठ्यानं. मला सांगायचे. तुम्ही तरी तसं करू नका."

जुन्या कायद्याने आत्तीचा वाटा मोठा नव्हता. पण होता. एवढी जमीनही तिला कुणाच्या दारात उभे न राहण्यास पुरली असती. आत्ती आता नाही. तिचे आम्ही काही फेडू शकलो नाही.

वारशाला चारही नावे लागली. वाटणीपत्र व्हायला पुढे तीन वर्षे गेली. आईने आपल्या वाट्याचे मृत्युपत्र आम्हा तिघांच्या नावे सारखे केले. मी पगारदार, म्हणून माझ्यातले वीस गुंठे दादाला दिले. विहिरीजवळचा तुकडा त्याच्याकडेच ठेवला. अक्काने एक एकर घेतला आणि उरलेले वीस गुंठे आपणहून दादाला सोडले. तेही एक हक्कसोडपत्रच होते. पण ते तिच्या भाषेत, तिने वाचून, उपनिबंधकासमोर केलेले. तिचा एकर आजही दादाच कसतो आणि सुगीला धान्य पोचवतो. विषय निघाला की तो अजूनही उठून बाहेर जातो. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. पण पंचमीला अक्का येते आणि उंबऱ्यात थबकत नाही.

कोर्टाच्या पायरीआधी

वाद झालाच तर तालुका कायदा सेवा समितीकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. कायदा सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यातच ती तरतूद आहे. दावा आधीच चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करता येते आणि भरलेले कोर्ट शुल्कही परत मिळते. तेवीस वर्षांच्या वाटेपेक्षा ही पायवाट बरी.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. हयातीतच सर्व मुलांना एकत्र बसवून बोला. मृत्युपत्र करणार असाल तर दोन साक्षीदारांसमोर करा, आणि लक्षात ठेवा की ते आपल्या स्वतःच्या हिश्शापुरतेच करता येते. मुलींचा जन्मसिद्ध हिस्सा त्यात लिहून देता येत नाही.

आणि भावांनो, पुढच्या वेळी कागद घेऊन बहिणीच्या दारात जाल, तेव्हा तो आधी स्वतः वाचा. कन्नड अडत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. मग बहिणीला मोठ्याने वाचून दाखवा. वाचून दाखवताना तुमचा आवाज अडखळला, तर कागद परत पिशवीत ठेवा आणि घरी या.